चिनी बोलताना ‘खूप’ कसं म्हणायचं

मराठी माणूस चिनी शिकायला बसला की पहिल्याच आठवड्यात वहीत एक जोडी लिहितो: हन३ म्हणजे खूप. ही जोडी एकदा डोक्यात बसली की पुढचे सहा महिने निस्तरत बसावं लागतं. बोलीतला हन३ बहुतेक वेळा ‘खूप’ म्हणतच नाही. जिथे खरोखर ‘भलतंच’, ‘जाम’, ‘जीव जाईस्तोवर’ म्हणायचं असतं तिथे चिनी माणूस वेगळे शब्द काढतो, आणि त्यांतले बरेचसे विशेषणाच्या आधी नाही, नंतर येतात. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत: आधी हन३ जागेवर आणायचा, मग बाकीचे.

आधी वाचण्यापुरतं

इथे चिनी म्हणजे फू३थोंग१ह्वा४, बीजिंगचा उच्चार प्रमाण धरून १९५६ पासून चीनभर शिकवली जाणारी सामायिक बोली. अक्षरानंतरचा अंक सुराचा: १ वरच्या पट्टीत सपाट, २ खालून वर चढणारा, ३ खाली दबलेला, ४ वरून खाली तुटणारा. अंक नसेल ते अक्षर हलकं, सूर न देता उरकायचं.

क-ख, त-थ, प-फ हा भेद चिनीत खराखुरा आहे. इंग्रजीतून शिकणाऱ्याला तो महिनोन्महिने सापडत नाही, आपल्याला फुकट मिळतो. रोमन लिपीतल्या पाठ्यपुस्तकात डी, जी, बी दिसले तरी उच्चार आपला त, क, प. टिंब असलेला फ़ दात ओठाला लावून, बिनटिंबाचा फ ‘फळ’मधल्यासारखा ओठ मिटून. च, छ, श यांच्यापुढे इ-ई किंवा य असेल तर नेहमीसारखे, नसेल तर जिभेचं टोक मागे वळवून. त्स म्हणजे ‘चमचा’तला च. र हा र आणि झ यांच्या मधला. स३ आणि श४ यांत स्वर जवळपास नाहीच. स किंवा श जरा लांबवला की झालं. शेवटचे न आणि र पायमोडके, आणि ‘ंग’ म्हणताना ग गिळायचा.

हे सगळं अंदाजापुरतं. उच्चार कानानेच पक्का होतो.

पायरी १: हन३ला ‘खूप’ समजणं सोडा

‘तो उंच आहे’ हे चिनीत: था१ हन३ काओ१. था१ म्हणजे तो, काओ१ म्हणजे उंच. मधला हन३ वाक्य उभं राहावं म्हणून लागतो, उंची वाढवायला नाही. तो काढून नुसतं था१ काओ१ म्हटलंत तर ऐकणारा थांबून राहतो, त्याला वाटतं पुढे तुलना येणार: तो उंच, मग बुटका कोण? खरोखर तुलना करायची असेल तेव्हा मात्र बिनहन३चं वाक्यच बरोबर. च४ क ता४, ना४ क श्याओ३: हे मोठं, ते लहान.

दुसरी चूक ‘आहे’ शोधण्याची. श४ म्हणजे ‘आहे’ हे शिकलेला माणूस था१ श४ काओ१ असं वाक्य जुळवतो. ते चुकीचं वाटत नाही, पण अर्थ भलताच होतो: ‘तो उंच आहे, मान्य, पण…’ आणि समोरचा त्या ‘पण’ची वाट बघतो. श४ नामाला लागतो, विशेषणाला हन३.

मग हन३ ‘खूप’ कधी होतो? जोर दिला की. साध्या वाक्यात तो विशेषणापेक्षा हलका आणि आखूड बोलायचा. हन३ काओ१ म्हणताना काओ१ वर उठला पाहिजे. उलट हन३ लांबवून, दाबून म्हटलात तर ‘खरंच उंच’. नवशिक्यांचं नेमकं इथे बिघडतं, कारण ते वाक्यातलं प्रत्येक अक्षर सारख्याच जोराने म्हणतात, आणि साधं ‘मी ठीक आहे’ सांगतानाही ‘मी अत्यंत ठीक आहे’ असा सूर लागतो.

सुराचीही एक गोष्ट. दोन तिसरे सूर लागोपाठ आले की पहिला दुसऱ्या सुरात जातो. हन३ हाओ३ (हाओ३ म्हणजे चांगलं) लिहिलं तरी म्हणायचं हन२ हाओ३. हन३ लंग३ (थंड) हेही तसंच. लिहिताना अंक बदलत नाहीत, त्यामुळे पाहून वाचणारा हमखास चुकतो.

पायरी २: हन३ कुठे गळतो

साधा प्रश्न विचारताना तो नको. ‘कामात आहेस का?’ हे नी३ मांग२ मा? किंवा मांग२ पू मांग२? या दुसऱ्या साच्यात, म्हणजे ‘व्यस्त-नाही-व्यस्त’ या रचनेत, हन३ कुठेच बसत नाही. पहिल्यात घातलात तर ‘खूपच कामात आहेस का?’ असा वेगळा प्रश्न होतो.

नकारातही नको. पू४ मांग२, बस. पू४ चौथ्या सुराच्या आधी आला की पू२ होतो: पू२ क्वेइ४, महाग नाही. ‘फारसं महाग नाही’ म्हणायला रोजच्या बोलण्यातला शब्द पू२ थाइ४: पू२ थाइ४ क्वेइ४. मराठीतलं ‘फारसं … नाही’ याच्याशी हे तंतोतंत जुळतं, तेवढं पाठ करून टाका. पुढे येणारे फ़ेइ१छांग२, चन१, थिंग३ हे शब्द मात्र पू४च्या मागोमाग येत नाहीत. नकार आणि हन३ यांचा क्रमही बघायचा: पू४ हन३ हाओ३ म्हणजे फारसं चांगलं नाही, हन३ पू४ हाओ३ म्हणजे अगदी वाईट. दुकानदाराच्या मालाबद्दल बोलताना हा फरक महागात जाऊ शकतो.

तिसरी जागा तुलनेची. मराठी माणसाची ठरलेली चूक इथलीच. ‘तो माझ्यापेक्षा खूप उंच आहे’ हे शब्दाला शब्द ठेवून था१ पी३ वो३ हन३ काओ१ असं बाहेर पडतं आणि ते चालतच नाही. पी३ (पेक्षा) असलेल्या वाक्यात फरक किती तो विशेषणानंतर सांगायचा: था१ पी३ वो३ काओ१ त त्वो१, किंवा था१ पी३ वो३ काओ१ त्वो१ ल. थोडाच फरक असेल तर काओ१ ई४त्यार३. ‘आणखी उंच’ असेल तर कंग४ काओ१. कंग४ म्हणजे ‘आणखी’, ‘खूप’ नव्हे. दोघांत आधीचाही उंच असतो तेव्हाच तो शोभतो.

नामाआधी विशेषण लावताना हन३ परत येतो आणि सोबत ‘त’ घेऊन येतो: हन३ क्वेइ४ त ई१फ़ू, महाग कपडे. ‘पुष्कळ’ला मात्र त लागत नाही: हन३ त्वो१ रन२, पुष्कळ माणसं. नुसतं त्वो१ रन२ असं कुणी म्हणत नाही.

पायरी ३: आधी येणारे शब्द, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा

या शब्दांना एकाच मापाने मोजू नका. ‘जास्त’, ‘आणखी जास्त’, ‘सर्वांत जास्त’ अशी शिडी करून पाठ केली तर वाक्यं व्याकरणाने बरोबर येतात आणि तरी कानाला विचित्र लागतात. प्रत्येक शब्द कुणाशी, कशासाठी बोलताय ते सांगतो.

चन१ म्हणजे ‘खरंच’. बोलणाऱ्याच्या तोंडून आपसूक निघालेला उद्गार. पहिला घास घेतलात आणि चन१ हाओ३छ१! (काय चविष्ट आहे!) अगदी बरोबर. पण कुणी माहिती म्हणून विचारलं, ‘तिथला हिवाळा कसा असतो?’, तर चन१ लंग३ हे उत्तर नव्हे. तिथे हन३ लंग३ किंवा फ़ेइ१छांग२ लंग३. उद्गार असल्यामुळेच चन१ नामाआधीच्या विशेषणाला सहसा लागत नाही. ‘खरंच चांगला माणूस’ म्हणायला हन३ हाओ३ त रन२ असंच म्हणा.

थाइ४ … ल. दोन टोकांचा शब्द. थाइ४ क्वेइ४ ल: फारच महाग, घासाघीस सुरू. थाइ४ हाओ३ ल: वा, झकास! चांगल्या गोष्टीला लागला तर कौतुक, गैरसोयीच्या गोष्टीला लागला तर तक्रार. शेवटचा ल विसरू नका. ल नसलेला थाइ४ अर्धवट तुटल्यासारखा वाटतो. नकारात मात्र उलट, पू२ थाइ४ क्वेइ४ला ल नको. एक गंमत: ‘फार फार’ म्हणून थाइ४ दोनदा घेऊ नका, थाइ४थाइ म्हणजे बायको.

बाजारात हे जवळून पाहा. अंगरख्याची किंमत ऐकली. थाइ४ क्वेइ४ ल! थाइ४ जरा लांबवायचा, क्वेइ४ तोडायचा, ल हलका. मग लगेच फ्येन२ई त्यार३ पा: थोडं स्वस्त कर की. इथे हन३ क्वेइ४ म्हटलंत तर विक्रेत्याला ‘महाग आहे’ अशी नोंद ऐकू येते, मागणी नाही. तो मान डोलावतो आणि किंमत तिथेच राहते.

थिंग३ … त. ‘बऱ्यापैकी’, ‘चांगलंच’. उत्तरेकडच्या गप्पांमध्ये सतत कानावर पडणारा. थिंग३ हाओ३ त: छान आहे की. यात उबदारपणा आहे, पण माप मध्यम. कुणी घरी बोलावून चार तास राबून जेवू घातलं आणि तुम्ही म्हणालात थिंग३ हाओ३छ१ त, तर ते ‘बरं झालंय हो’सारखं पोचू शकतं. यजमानासमोर चन१ हाओ३छ१ किंवा थाइ४ हाओ३छ१ ल म्हणा. थिंग३ स्वतःबद्दल, हवेबद्दल, प्रवासाबद्दल ठेवा. मान२ … त हा याचा दक्षिणेकडचा भाऊ. शांघाय, वूहान, तैवान इकडे जास्त.

फ़ेइ१छांग२ आणि थ४प्ये२ हे भरवशाचे. मुलाखत, शिक्षक, अनोळखी वडीलधारी माणसं, सगळीकडे चालतात. फ़ेइ१छांग२ जरा औपचारिक, थ४प्ये२ जास्त बोलका. बीजिंगकडे त्याचा नुसता थ४ उरतो, थ४ लंग३. ‘खूप खूप’ म्हणायचंच असेल तर फ़ेइ१छांग२ फ़ेइ१छांग२ लंग३ चालतं, थ४प्ये२ही दुहेरी होतो. हन३ हन३ लंग३ मात्र अडखळल्यासारखं वाटतं. पाठ्यपुस्तकात भेटणारा श२फ़न१ (अत्यंत) लेखी भाषेतला. चहाच्या टपरीवर तो म्हणजे ‘हा चहा अतीव उष्ण आहे’.

हाओ३ विशेषणाआधी आला की ‘किती!’ होतो. हाओ३ लंग३ आ! काय ही थंडी! (म्हणताना हाओ२ लंग३.) दक्षिणेत आणि तैवानात याचा सुकाळ. हाओ३छ१ (खायला छान) हा शब्दच हाओ३ने सुरू होतो, त्यामुळे ‘किती चविष्ट!’ म्हणजे हाओ३ हाओ३छ१! घाबरू नका, ते बरोबर आहे.

ख३ … ल हा पाठ्यपुस्तकं मागे ठेवतात आणि गप्पांमध्ये रोज लागतो. समोरच्याला माहीत नसलेली गोष्ट ठासून सांगताना: ख३ हाओ३छ१ ल, म्हणजे ‘अरे, तू खाल्लं नाहीस, जबरदस्त असतं!’ दोघं एकाच ताटात जेवत असताना हा शोभत नाही.

कमी करणारा एक शब्द इथेच उरकून घ्या: यो३त्यार३, ‘जरा’. तो नकोशा गोष्टींनाच लागतो. यो३त्यार३ क्वेइ४ (जरा महागच), यो३त्यार३ श्येन२ (जरा खारट). ‘जरा चविष्ट’ असं त्याने म्हणता येत नाही.

पायरी ४: नंतर येणारे शब्द

मराठीत आपण ‘भुकेने मेलो’, ‘हसून हसून मुरकुंडी’ असं म्हणतोच. चिनीत ही ‘परिणाम मागे जोडायची’ सवय व्याकरणातच बसलेली आहे. विशेषण आधी, त्याचं टोक नंतर. यात दोन गट आहेत आणि ते मिसळले की वाक्य मोडतं.

पहिला गट थेट चिकटतो, शेवटी ल.

ची२ ल, ‘कमालीचं’. हाओ३ ची२ ल, फ्याओ४ल्यांग ची२ ल (विलक्षण सुंदर). बऱ्या-वाईट दोन्हींना चालतो, वडीलधाऱ्यांपुढेही चालतो. नवशिक्याने या गटातला पहिला शब्द हाच उचलावा.

स३ ल, शब्दशः ‘मेलो’. अ४ स३ ल (भुकेने मेलो), लेइ४ स३ ल (दमून मेलो), र४ स३ ल (उकाड्याने जीव चालला). मित्रांमध्ये आनंदालाही लागतो: काओ१शिंग४ स३ ल. दोन ठिकाणी सांभाळा. एक, कर्ता दुसरा माणूस असेल आणि संदर्भ नसेल तर था१ अ४ स३ ल याचा अर्थ खरोखरच ‘तो उपासमारीने मेला’ असा होऊ शकतो. दोन, वसंतोत्सवाच्या म्हणजे चिनी नववर्षाच्या दिवसांत, आजाऱ्याच्या घरी आणि आजी-आजोबांसमोर ‘मरण’ काढू नये. सणाच्या दिवशी अशुभ बोलू नये हा संकेत चिनी घरांत अजून पाळतात. तिथे ची२ ल किंवा ह्वाइ४ ल.

ह्वाइ४ ल, शब्दशः ‘बिघडलं’. लेइ४ ह्वाइ४ ल (पार थकलो), काओ१शिंग४ ह्वाइ४ ल (आनंदाने वेडा झालो). शरीराच्या आणि मनाच्या अवस्थांना लागतो. डोंगर उंच आहे, रस्ता लांब आहे यांना नाही.

थोउ४ ल, ‘आरपार’. श१ थोउ४ ल म्हणजे ओलाचिंब. भावनेला लागला की बहुधा वाईटच: ह्वाइ४ थोउ४ ल, पुरता नीच. ‘सुंदर’ला लावू नका.

दुसऱ्या गटाला मध्ये ‘त’ लागतो. र४ त पू४त२ल्याओ३: इतकं गरम की विचारू नका. थंग२ त याओ४मिंग४: जीव घेणारं दुखतंय (याओ४मिंग४ म्हणजे प्राण मागणं). हाओ३ त हन३: उत्तम, इथे आपला ओळखीचा हन३ नंतर आल्यावर मात्र पूर्ण ताकदीचा ‘खूप’ होतो. वायव्येकडे, शीआनच्या बाजूला, हीच रचना लाडकी: मेइ३ त हन३, झक्कास. उत्तरेकडे लेइ४ त ह्वांग हेही ऐकू येईल. त ह्वांग फक्त त्रासाच्या जाणिवांना, थकवा, भूक, कोंडल्यासारखं वाटणं यांना.

आता चुका. हाओ३ त ची२ ल चूक: पहिल्या गटाला त नाही. र४ पू४त२ल्याओ३ चूक: दुसऱ्या गटात त हवा. हन३ लेइ४ स३ ल चूक: मागे जोर दिलात की पुढचा काढा, दोन्हीकडून ओढायचं नाही. आणि हाओ३ ची२ ल त असं म्हणून पुढे नाम ठेवणंही चूक; ही टोकं वाक्याच्या शेवटी शोभतात. नामाआधी हन३ किंवा फ़ेइ१छांग२ वापरा.

पायरी ५: पांढराशुभ्र आणि काळाकुट्ट

इथे मराठी माणूस पुढे आहे. आपण ‘खूप काळा’वर थांबत नाही, काळाकुट्ट म्हणतो, पांढराशुभ्र, हिरवागार, लालबुंद, पिवळाधमक, आंबटढाण, तिखटजाळ. जोर शब्दाच्या पोटातच असतो, म्हणून ‘खूप पांढराशुभ्र’ कानाला खटकतं. चिनीतही असाच एक वर्ग आहे: श्युए३पाइ२ (बर्फासारखं पांढरं), छी१हेइ१ (रोगणासारखं काळं), पिंग१ल्यांग२ (बर्फागत गार), पी३च२ (कुंचल्याच्या दांडीसारखं सरळ), कुन३थांग४ (कडकडीत), थोंग१होंग२ (लालबुंद). यांच्याआधी हन३ लागत नाही, पू४ लागत नाही, ची२ लही नाही. चू१ त२शी१ (१९२०–१९९२) या व्याकरणकाराने चिनी विशेषणांची साधी रूपं आणि भरीव रूपं अशी दोन घरं वेगळी केली. नुसतं पाइ२ (पांढरं) पहिल्या घरातलं, श्युए३पाइ२ दुसऱ्या. तुम्हाला ही विभागणी नवीन शिकायची नाही, मराठीची जाणीव तशीच पुढे न्यायची आहे.

जोर आणखी वाढवायचा तर अख्खा शब्द दोनदा: पिंग१ल्यांग२ पिंग१ल्यांग२ त. साध्या दोनअक्षरी विशेषणाची दुरुक्ती मात्र वेगळी, प्रत्येक अक्षर जागच्या जागी दुप्पट: कान१चिंग४ (स्वच्छ) पासून कान१कान१चिंग४चिंग४ त, लख्ख. हे उलटसुलट झालं की अर्थच फिरतो. काओ१शिंग४चं काओ१काओ१शिंग४शिंग४ म्हणजे आनंदात, हसतखेळत. काओ१शिंग४ काओ१शिंग४ म्हटलंत की ते क्रियापद होतं, ‘जरा मजा करणं’.

एकअक्षरी विशेषण दोनदा आलं की जोरापेक्षा माया जास्त: ता४ता४ त येन३चिंग, टपोरे डोळे. फक्त मोठे म्हणायचं तर हन३ ता४ पुरे.

मग तीनअक्षरी मंडळी. र४हू१हू१ (ऊनऊन), श्यांग१फन१फन१ (घमघमीत), लंग३पिंग१पिंग१ (थंडगार; माणसाबद्दल असेल तर तुटक, कोरडा). हे शेपूट मनाने लावायचं नसतं. लाल भडक असतो आणि पिवळा धमक; ‘लालधमक’ म्हणणाऱ्याकडे आपण जसं बघतो तसंच ते बघतात. म्हणून जोडीनेच पाठ करा, सुरुवातीला पाच-सहा पुरेत, आणि वाक्याच्या शेवटी आले की ‘त’ विसरू नका: फ़ान४ र४हू१हू१ त, भात ऊनऊन आहे. एक नमुना मात्र जपून वापरायचा: हू२लिहू२थू२ (गोंधळलेला), शा३लिशा३छी४ (बावळट). या साच्यात पडलेलं जवळजवळ प्रत्येक विशेषण हेटाळणीचं असतं.

पायरी ६: सराव, रोज १५ मिनिटं

दहा विशेषणं निवडा, त्यांत सहा एकअक्षरी: काओ१ (उंच), क्वेइ४ (महाग), लंग३ (थंड), र४ (गरम), लेइ४ (थकलेला), ला४ (तिखट), चार मोठी: हाओ३छ१, फ्याओ४ल्यांग, कान१चिंग४, काओ१शिंग४.

पहिले तीन दिवस फक्त हन३, पू४ आणि प्रश्न. एका विशेषणाची तीन वाक्यं, रोज तीस. फोनवर ध्वनिमुद्रण करून ऐका आणि एवढंच तपासा: हन३ विशेषणापेक्षा मोठ्याने ऐकू येतोय का? येत असेल तर तीच तीस पुन्हा.

चौथ्या दिवसापासून पी३ची वाक्यं, रोज दहा. यात हन३ घसरला की ते वाक्य पाच वेळा म्हणायचं. ही सवय मराठीतून येते आणि नुसता नियम वाचून जात नाही, तोंड वळवावं लागतं.

दुसऱ्या आठवड्यात थाइ४ … ल, चन१ आणि ची२ ल. तिसऱ्यात थिंग३ … त, स३ ल आणि त पू४त२ल्याओ३. एका वेळी तीनपेक्षा जास्त घेऊ नका, नाहीतर ‘त’ आणि ‘ल’ची सरमिसळ होते. प्रत्येक वाक्याबरोबर ते कुणाला म्हणताय तेही ठरवा: मित्र, दुकानदार, मित्राची आई. एकच ‘चविष्ट’ तिघांना सांगून पाहिलं की शब्द आपोआप बदलायला लागतात.

पायरी ७: वर्गाबाहेर कानावर काय पडेल

हे ओळखायला शिका, वापरायची घाई नको. ईशान्येकडे, हार्बिन-छांगछुनच्या बाजूला, त्सेइ२ लंग३. त्सेइ२ म्हणजे चोर. थंडीशी चोराचा संबंध काय ते शोधत बसू नका, ‘लय थंडी’त लय काय करतो तेच तो करतो. तिकडे लाओ३ही आहे, शब्दशः म्हातारा: लाओ३ य्वेन३, लांबच लांब. हा बहुधा मापाच्या विशेषणांना आणि त्यांच्यातल्या मोठ्या बाजूला लागतो, लांब, उंच, खोल. बीजिंग-थ्येनचिनमध्ये पर४: पर४ पांग४, एकदम फर्स्टक्लास. छंगतूमध्ये मनासारखं जेवण झालं की पा१श४ त पान३. सिचुआनचे सूर वेगळे असल्यामुळे हे अंक तिथे लागू पडत नाहीत. कँटनीजमध्ये तर हाओ३चाच सख्खा भाऊ, होउ, रोजच्या ‘खूप’चं काम करतो, हाँगकाँगला जाणाऱ्याने हन३ ऐकू येत नाही म्हणून गोंधळू नये. तरुणांच्या तोंडी छाओ१ (सुपर) सगळीकडे: छाओ१ हाओ३छ१.

परगावच्या माणसाने मोडक्या चिनीत त्सेइ२ टाकला तर हार्बिनचे लोक खूश होतात. शांघायच्या कचेरीत तोच शब्द नुकतंच मराठी शिकलेल्याने मंत्रालयात ‘लय भारी साहेब’ म्हणावं तसा वाटतो. आणि न्योउ२ (बैल) म्हणजे ‘भारी!’ इथपर्यंत ठीक. त्याला आणखी एक अक्षर जोडून तरुण मुलं जे सतत म्हणतात ती शिवी आहे, उपशीर्षकांमध्ये ती सौम्य करून लिहितात म्हणून कळत नाही. मित्राच्या आईने वाढलेल्या भाताला त्या शब्दाने दाद देऊ नका. तिथे चन१ हाओ३छ१, आणि वाटी पुढे करायची.